अंतरपाट पडला तेव्हा मी कुठं होतो

‘भाई, तोंडावर जरा उजेड मारा की!’

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गिऱ्हाईक दुकानात येतं, आरशापुढं उभं राहून केसांवरून कंगवा फिरवतं, स्टुलावर बसतं, आणि मी एका बाजूचा दिवा बंद केला रे केला की हे म्हणतं. उजेड मारा! उजेड म्हणजे काय औषध आहे, पिकावर फवारायला? सगळीकडून उजेड मारला की माणसाचं तोंड ताटलीसारखं सपाट येतं. नाक कुठं सुरू झालं आणि गाल कुठं संपला, पत्ता लागत नाही. पण हे सांगायचं कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

संगमनेरात माझा स्टुडिओ आहे. चाळीस वर्षं होऊन गेली. या अंकाच्या संपादकबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ‘रफिकभाई, तुमच्या फोटोंवर जुन्या सिनेमाचा संस्कार आहे म्हणतात. त्यावर लिहा ना. तरुण फोटोग्राफरना प्रेरणा मिळेल.’ प्रेरणा! त्या प्रेरणेपायी मी आयुष्यभर किती बोलणी खाल्ली, हे बाईंना कुठं माहीत? तरी लिहितो. तरुणांनी वाचावं आणि वेळीच सावध व्हावं.

माझं सिनेमाचं शिक्षण कुठल्या कॉलेजात झालं नाही. बाविसाव्या वर्षी मी इथल्याच एका थेटरात ऑपरेटरचा मदतनीस म्हणून लागलो. ते थेटर पाडून आता तिथं दुकानं झालीत. ऑपरेटरची केबिन म्हणजे भट्टी. दोन मशिनं, त्यांत कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि त्या उजेडानं पडद्यावर चित्र पडायचं. कांडी पुढं सरकवत राहायची, एक रीळ संपायच्या आत दुसरं मशीन चालू करायचं. चुकलं की पडद्यावर अंधार आणि खाली शिट्ट्या. मशिनांची खडखड एवढी, की खालचा एक शब्द वर ऐकू येत नसे. म्हणजे मी शेकडो सिनेमे पाहिले आणि त्यांतले संवाद मला आजही ठाऊक नाहीत. लोक बैठकीत संवाद म्हणून दाखवतात, टाळ्या घेतात, आणि मी येड्यासारखा त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो.

शनिवार-रविवारी सकाळच्या खेळाला जुने काळे-पांढरे सिनेमे लागायचे. तेच ते, फिरून फिरून. एकेक मी वीस-वीस वेळा पाहिला असेल. शब्द ऐकू येत नसले तर माणूस करणार काय? बघतो. उजेड कुठून येतोय ते बघतो. खोलीत एकच कंदील आहे, तर नटीच्या एकाच गालावर उजेड आहे. दुसरा गाल अंधारात, आणि त्या अंधारातला डोळाच जास्त बोलतोय. हे मला विसाव्या वेळी कळलं. पहिल्या वेळी मीही तिच्या साडीकडंच बघत होतो, खोटं कशाला बोलू?

सहा वर्षांनी केबिन सोडली, जुना कॅमेरा घेतला आणि ठरवलं, असे फोटो काढायचे. ठरवायला काय जातं!

सोनईचे एक व्यापारी मुलाला घेऊन आले. मुलगी बघायची होती, बायोडाट्याला फोटो पाहिजे होता. पोरगं देखणं, डोळे पाणीदार. मी सगळे दिवे बंद केले, खिडकीचं एक दार उघडलं, त्याला आडवा बसवला आणि फोटो घेतला. काय फोटो आला होता! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ दुकानाच्या पायरीवर उभे.

‘भाई, तुम्ही आमच्या पोराचं जमलेलं मोडलं.’

‘मी? मी काय केलं?’

‘पोरीकडचे इचारत्यात, पोराच्या डाव्या गालाला काय हाय? भाजलंय का कोड हाय? न्हाईतर निम्मं तोंड लपवलं कशापायी?’

मी त्यांना चहा पाजला. सावलीचं महत्त्व सांगितलं. माणूस पुरता दाखवला की बघणाऱ्याला काही शोधायला उरत नाही, असं बरंच काही बोललो. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘सावलीला जे म्हनायचं ते म्हनू द्या. आमाला पोराचा दुसरा गाल दावा.’ दिले चार दिवे लावून, काढला सपाट फोटो. त्या सपाट फोटोवर पोराचं महिन्याभरात जमलं. मला लग्नाची पत्रिका आली आणि पत्रिकेबरोबर निरोप, फोटो तुम्हीच काढायचे, पण आधीसारखं करायचं न्हाई.

मग ते दूध संस्थेचे चेअरमन. नाव-गाव राहू द्या, माणूस चांगला. त्यांच्या वाढदिवसाला मोठा फोटो पाहिजे होता. जुन्या सिनेमात एक युक्ती असायची. माणूस चौकटीच्या एका कोपऱ्यात उभा करायचा आणि बाकी सगळं मोकळं माळरान. तेवढ्यावरून तो माणूस मोठा आहे का एकटा आहे, हे बघणाऱ्याला कळायचं. मी चेअरमनसाहेबांना त्यांच्या मळ्याच्या बांधावर, लिंबाखाली, डाव्या कोपऱ्यात उभं केलं. उजवीकडं नुसतं आभाळ. चार दिवसांनी बसस्टँडजवळ फ्लेक्स लागला. माझ्या आभाळात बावीस तोंडं! गोल गोल कापून बसवलेली. व्हाइस चेअरमन, संचालक, शुभेच्छुक, आणि सगळ्यांत वर एक गॉगल लावलेलं कार्टं. साहेब स्वतः पेढे घेऊन दुकानात आले. ‘भाई, जागा बरी सोडली तुम्ही. समदे बसले.’ तो पेढा मला गिळवेना.

ही झाली हसण्यावारी न्यायची गाऱ्हाणी. चार माणसांत सांगितली की लोक हसतात, मीही हसतो. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी चार वर्षं कोणाला धड सांगितली नाही. जिथं सांगितली तिथं खोटी सांगितली. त्यात गिऱ्हाईक येडं नव्हतं. येडा मी होतो.

राजूरच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या मंदाबाईंची मुलगी अश्विनी संगमनेरात नर्सिंगचा कोर्स करत होती. पासपोर्ट फोटोला माझ्याकडं यायची. फार बोलकी पोरगी. ‘काका, मला अर्ध्या अंधारातलाच काढा, मला आवडतो,’ म्हणणारं माझ्या आयुष्यातलं हे एकमेव गिऱ्हाईक. साहजिकच तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं घरी सांगून टाकलं, फोटो रफिककाकाच काढतील.

आता आमच्या धंद्यातली एक वाटणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लग्न लागताना नवरा-नवरीच्या मधे कापड धरतात, तो अंतरपाट. मंगलाष्टका संपल्या की तो खाली येतो आणि दोघं एकमेकांकडं बघतात. सगळ्या लग्नात खरा क्षण हाच. पण एका कॅमेऱ्यानं दोन्ही तोंडं मिळत नाहीत. म्हणून व्हिडिओवाला नवरीच्या मागून नवऱ्याचं तोंड घेतो आणि फोटोवाला नवऱ्याच्या मागून नवरीचं. स्टेजवर बाकी मामा, चुलते, करवल्या यांची भिंत उभी असते. खालून कोणी मोबाईल कितीही उंच धरला तरी त्यात नुसते फेटे येतात. त्या दिवशी व्हिडिओला माझा नेहमीचा जोडीदार संदीप होता. त्याच्याकडं नवरा, माझ्याकडं नवरी. हे बोलावंही लागत नाही.

दुसरी गोष्ट रिवाजाची. हिंदूंच्या लग्नात नवरीची आई लग्न लागताना बघत नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या की ती उठून जाते आणि तुळशीला पाणी घालत उभी राहते. का, ते मी पन्नास जणांना विचारलं असेल, पन्नास उत्तरं मिळाली. कोणी म्हणतं आईची नजर लागते, कोणी म्हणतं आईनं रडू नये म्हणून. हल्ली शहरातल्या बऱ्याच जणी पाळत नाहीत. मंदाबाई पाळणाऱ्यांतल्या.

इतक्या लग्नांत मी या बाया उठून जाताना पाहिल्या, आणि दर वेळी मला केबिन आठवायची. कारण जुन्या सिनेमावाल्यांची सगळ्यांत मोठी शिकवण माझ्या डोक्यात पक्की बसली होती. बोलणाऱ्याकडं बघू नका, ऐकणाऱ्याकडं बघा. आत घरात भांडण चाललंय आणि कॅमेरा ओसरीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर. मला भांडणही ऐकू येत नसे, तरी त्या तोंडावरून सगळं कळायचं. ही खोड मला एवढी लागली होती की पुढारी भाषण करत असायचा आणि मी मागच्या रांगेत जांभई देणाऱ्याचे फोटो काढायचो. त्यापायी दोनदा कार्यक्रमातून हाकललाही गेलोय.

तर त्या दिवशी मंगलाष्टका सुरू झाल्या. मंदाबाईंनी लेकीच्या मुंडावळ्या सारख्या केल्या, एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून स्टेजवरून उतरल्या. मी नवऱ्याच्या मागं माझ्या जागेवर होतो. अश्विनीच्या आत्याबाईंनी स्वतः दोन कडवी रचली होती, सकाळपासून आचाऱ्यालासुद्धा वाचून दाखवली होती. मी मनात हिशेब केला, आत्याबाईंची दोन, मग भटजींचं शेवटचं. जाऊन येतो. एवढ्यात काय होतंय!

कार्यालयाच्या मागं, स्वयंपाकाच्या चुलाणांपलीकडं, तेलाच्या कापलेल्या डब्यात तुळस ठेवली होती. वर खांबावर कर्णा. मंदाबाई हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. डाव्या मुठीत अक्षता होत्या, कोणीतरी सवयीनं दिल्या असणार. ‘सावधान’ आलं की त्या थोडं पाणी घालायच्या आणि मुठीकडं बघायच्या. या कोणावर टाकू, असं. भाताच्या वाफेतून ऊन एका बाजूनं येत होतं. एक गाल उजेडात, एक सावलीत, आणि सगळं अंग कान झालेलं. असा उजेड मी चाळीस वर्षं शोधत होतो हो! मी दोन फोटो घेतले. त्यांना कळलंही नाही.

तेवढ्यात कर्ण्यातून गडबड ऐकू आली. आत्याबाईंना दुसऱ्या कडव्याची चिठ्ठी सापडेना. भटजी म्हणाले मुहूर्त टळतोय, आणि त्यांनी सरळ शेवटचं सुरू केलं.

आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की मी गर्दीत अडकलो. खोटं आहे ते. मी अडकलो नव्हतो. पळालो असतो तर पोचलो असतो, वाट मोकळी होती. शेवटचं कडवं चालू आहे हे मला स्वच्छ ऐकू येत होतं आणि मी तिथंच उभा राहिलो. कारण त्या क्षणाला या बाईच्या तोंडावर काय उमटतं, ते मला पाहिजे होतं. नवऱ्यामुलीचं तोंड काय, हजारो काढलीत, असं माझ्या मनात आलं. चक्क आलं. ताशा वाजला, आत लोक ओरडले, मंदाबाईंनी तांब्या उपडा केला आणि मुठीतल्या अक्षता तुळशीवर टाकल्या. मी बटण दाबलं. मग पळालो. पोचलो तेव्हा दुसरा हार गळ्यात पडत होता.

‘काका, नवरीचा क्लोज झाला ना?’ संदीपनं विचारलं.

‘झाला,’ मी म्हणालो.

घरी येऊन ते सगळे फोटो पाहिले आणि मी काय सांगू, लाज वाटायच्या ऐवजी मला आनंद झाला. आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो! मी तो मोठा करून, चौकटीत घालून, दुकानाच्या पुढच्या काचेत लावला. विचारलं कोणाला? कोणालाच नाही. लोक यायचे आणि म्हणायचे, ‘ही कोण, घरची का?’ पण मी खुशीत.

पंधरा दिवसांनी अल्बमचे फोटो निवडायला मंदाबाई आणि अश्विनीचे मामा भाऊसाहेब आले. मंदाबाई बाहेरच काचेपुढं थोड्या थबकल्या, मला वाटलं खूश झाल्या. आत येऊन बसल्या, पदर सावरला. मी कॉम्प्युटरवर हळद दाखवायला लागलो.

‘हळद मी बघितली हाय भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘ते दावा. अंतरपाट पडला तवाचं.’

मी म्हणालो, ‘त्या वेळचा एक असा फोटो आहे की तुम्ही बघतच राहाल.’ आणि पडद्यावर त्यांचाच फोटो लावला, तुळशीपुढचा. वरून भाषण. म्हटलं, लग्न सगळेच दाखवतात, पण लग्न ऐकणारी आई कोणी दाखवत नाही. जुन्या सिनेमावाल्यांनी आम्हाला शिकवलंय. बोललो बराच वेळ. मंदाबाई ऐकून घेत होत्या.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘आन् आशूचं?’

‘आशूचा... म्हणजे त्या क्षणाचा तेवढा...’

भाऊसाहेबांच्या ध्यानात आधी आलं. ते ताडकन उठले. ‘न्हाई काढला? तुमाला स्टेजवर उभं केलं हुतं का आचाऱ्याकडं? लगीन काय परत लावायचं आता?’

मंदाबाईंनी हात करून त्यांना बसवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, शिव्या खायची मला सवय आहे.

‘मी समद्यांना इचारलं भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘कशी दिसत हुती माझी पोर? तिचा बाप म्हनतो, मी डोळं पुशीत हुतो. जावई म्हनतो, मी घाबरल्यालो, काय आठवत न्हाई. आत्या म्हनती रडली, मामा म्हनतो हसली. त्या व्हिडिओत तिची पाठ हाय. म्हनलं ऱ्हाऊ द्या, भाऊंच्या फोटूत दिसंल.’

पडद्यावर तुळशीपुढचा फोटो अजून तसाच होता.

‘माझं तोंड मला कशाला दावता? ते मी रोज आरशात बघते. तिथं उभं ऱ्हायची परवानगी तुमाला हुती, मला न्हवती. मला वाटलं, माझ्या वाटचं तुमी बघताय.’

एवढं बोलून त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, ‘आन् ते काचंतलं काढा. मी काय जाहिरातीला उभी न्हवते.’

त्याच पावली मी ते काढलं. चाळीस वर्षं मी लोकांना नावं ठेवली, यांना सावली कळत नाही, यांना मोकळी जागा कळत नाही. आणि मला काय कळत होतं? फोटो कोणासाठी काढायचा, एवढंही कळलं नव्हतं. केबिनमध्ये मला शब्द ऐकू यायचे नाहीत, ते ठीक होतं, मशिनांचा आवाज होता. पण ही बाई स्टेजवरून उतरताना माझ्याकडं एकदा बघून गेली होती. ते बघणं मी पाहिलं होतं आणि मला वाटलं, नुसतीच बघतेय. ऐकणाऱ्याच्या तोंडावर सगळं दिसतं म्हणणारा मी शहाणा! डोंबल दिसतं.

पुढं आठ-पंधरा दिवस माझं कशात चित्त लागेना. पैसे परत करतो म्हणालो तर भाऊसाहेबांनी फोनच ठेवून दिला. मग नागपंचमीला अश्विनी माहेरी येणार असं कळलं, तेव्हा मी परत फोन केला.

‘भाऊसाहेब, तुम्ही म्हणाला होतात ना, लग्न परत लावायचं का?’

‘मग?’

‘लावू या.’

ठरवून केलेल्या फोटोची मला चीड आहे. नवरा-नवरीला धबधब्यापुढं उभं करून हरणासारखं पळायला लावतात, ते बघितलं की मला आपला धंदा सोडून चहाची टपरी टाकावीशी वाटते. पण केबिनमधली एक गोष्ट इथं कामाला येणार होती. सिनेमात नटी नटाकडं बघते असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो समोर नसतोच. ती कुठल्यातरी खुंटीकडं बघत असते. तोंड तिचं खरं असलं की झालं. म्हणजे जावई नाही आला तरी अडणार नव्हतं.

नागपंचमीला सकाळीच पोचलो. मंदाबाई चुलीपुढं पुरणाची दिंडं उकडायला ठेवत होत्या. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, सगळं उकडीचं. मला बघून ‘या’ म्हणाल्या, जास्त नाही. अश्विनीला मात्र सगळी गंमत वाटत होती. तिनं लग्नातला शालू नेसला, मुंडावळ्या बांधल्या आणि पडवीत येऊन उभी राहिली. दाराचा उजेड एका बाजूनं होता. मी मुकाट्यानं त्यांच्या घरातला पांढरा पंचा घेऊन दुसऱ्या बाजूला भिंतीवर टांगला, म्हणजे सावलीतल्या गालावरही उजेड जाईल. आज दोन्ही गाल.

एका टोकाला मामांनी धोतर धरलं, दुसऱ्या टोकाला तिच्या वडिलांनी. अंतरपाट तयार. मी म्हणालो, ‘तिकडं कोणीतरी उभं राहा. नजर कुठं ठेवायची ते तिला कळलं पाहिजे.’ घरात दुसरं होतं कोण?

‘मी न्हाई,’ मंदाबाई चुलीपुढून म्हणाल्या. ‘आईनं बघू ने.’

‘अगं, लागलं की लगीन,’ मामा म्हणाले. ‘पोरगी नांदतीय. आता काय हुतंय?’

धोतराच्या पलीकडून अश्विनी ओरडली, ‘आई, ये ना गं! माझे पाय दुखले.’

मंदाबाई उठल्या. हात धुतले, पदराला पुसले, आणि येऊन उभ्या राहिल्या, जिथं नवरा उभा असतो तिथं. मी त्यांच्या खांद्यामागं गेलो. माझी जागा तीच. मामांना मंगलाष्टकेची एकच ओळ येत होती, ती त्यांनी तीनदा म्हटली, तिन्ही वेळा वेगळ्या चालीत. मग ‘सावधान!’ म्हणून ओरडले आणि धोतर खाली आलं.

अश्विनी ओठ दाबून हसत होती, आता फुटणार अशी. समोर आई दिसली आणि तिचं हसू तसंच राहिलं नि हनुवटी थरथरायला लागली. मी बटण दाबलं. एकदाच. माझ्या कॅमेऱ्यापुढं मंदाबाईंचा खांदा हलत होता. पुढं होऊन वळावं आणि हिचं तोंड घ्यावं, असं हाताला वाटलं, मरेस्तोवर जायची नाही ती खोड. नाही वळलो. त्यांचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं, मला आजही माहीत नाही.

थोड्या वेळानं मी कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. ‘बघा. या वेळी बरोबर आलाय. दोन्ही गाल आलेत.’

त्यांनी कॅमेरा हातानं बाजूला केला.

‘ऱ्हाऊ द्या भाऊ. बघितलं मी.’

‘अहो, पण एकदा नजर तरी टाका!’

‘बघितलं म्हनते ना,’ त्या म्हणाल्या आणि दिंडांचं पाणी आटलं असंल म्हणत चुलीकडं गेल्या.

आता बोला! सत्तर मैल हेलपाटा, गुडघे गेलेले, आयुष्यभराची चीड गिळून काढलेला फोटो, आणि बघायला कोणी तयार नाही. अल्बम छापायला टाकायच्या आधी मी त्यांना दोनदा फोन केला. म्हणालो, मंदाबाई, तो नागपंचमीचा फोटो मधल्या पानावर मोठा लावू का? दुसऱ्या वेळी त्या वैतागल्या.

‘लावा न्हाईतर ऱ्हाऊ द्या भाऊ,’ म्हणाल्या. ‘माझं बघून झालं.’